लोन्तानाचे विषम अंक

मी, लेआर्को फिनोत्ती, वडिलांचे नाव प्रिमो, जन्म २४ ऑक्टोबर १९५१, धंदा पंपचालक, आता निवृत्त, राहणार आद्रिया, कालव्याच्या काठचे शेवटून दुसरे घर, आज शुक्रवार ३ नोव्हेंबर २०२३ रोजी स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसून, स्वतःच्या हाताने, डोके ठिकाणावर असताना, कोणाच्या धाकाखाली नसताना हे लिहून ठेवतो. धाक आहे, पण तो कोणा माणसाचा नाही.

वकीलबाईंनी सांगितले की मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहून तारीख आणि सही केली की इथल्या कायद्याला पुरते, साक्षीदार लागत नाहीत. कायद्याला लागत नसतील, मला लागतात. एवढ्या मोठ्या गोष्टीवर माझे एकट्याचे नाव बघून मला धडकी भरते. त्यावर त्या म्हणाल्या, "ठेवा मग दोन साक्षीदार, पण ज्यांना तुम्ही काही देणार आहात त्यांना ठेवू नका. उगाच शंका नकोत." ते मी पाळणार आहे.

कारण असे की माझ्या पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगली आहे. पादोवाच्या डॉक्टरांनी ती कागदावर काढून दाखवली. मी बत्तीस वर्षे पंपघरात काढली. बांधाला फुगवटा आला की काय होते हे मला चित्र काढून सांगायची गरज नाही. पण बाहेरचा बांध फुगला तर वाळूची पोती टाकता येतात. शस्त्रक्रियेची तारीख त्यांनी चौदा नोव्हेंबर दिली, केस कापायला बोलवावे तशी सहज. आद्रियात त्या तारखेला कोणी दात काढायलाही जात नाही. एक्कावन्न साली त्याच दिवशी नदीने बांध फोडला. मी तीन आठवड्यांचा होतो. आईने मला पिठाच्या टोपलीत घालून माळ्यावर नेले आणि दोन दिवस खाली पाणी बघत बसली. ती म्हणायची, तू रडला नाहीस, नुसता डोळे वटारून बघत होतास. मला वाटते तेव्हापासून मी तसाच बघतो आहे.

डॉक्टरांना तारीख बदलून मागितली. ते म्हणाले, "काका, हा फुगवटा तारीख बघून फुटत नाही." पस्तीस वर्षांचा माणूस. पूर म्हणजे त्याला पुस्तकातला धडा.

मला भीती वाटते. हे असल्या कागदात लिहायचे नसते हे मला कळते, तरी लिहिले. आता पुढचे कामाचे.

पहिले कलम. घर. हे घर माझी भाची फ्योरेल्ला हिला द्यावे, माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी, राहणार तोरीनो. ती ते विकणार हे मला माहीत आहे आणि माझी हरकत नाही. धुक्यात राहायला धीर लागतो. अट एकच, मागच्या खोलीतले काचेचे कपाट सहाव्या कलमाप्रमाणे रिकामे होईपर्यंत घर विकू नये, आणि ते कपाट तिने स्वतः रिकामे करू नये. तिचा हात भाजी निवडल्यासारखा चालतो.

दुसरे कलम. भाचीचा नवरा इव्हानो याला निळ्या काठाचा कॉफीचा कप मिळावा. २०११ च्या ईस्टरला त्याने तो कप लोन्तानाच्या १२१ व्या अंकावर ठेवला. कपाटातून अंक काढला कोणी, तर त्यानेच. मुखपृष्ठावर गोल डाग पडला, बरोबर कॅप्टनच्या तोंडावर. मी हातातले ताट खाली ठेवले आणि बाहीने डाग टिपायला लागलो. तेव्हा हा म्हणतो, "मामा, कॉमिकच तर आहे. एवढं काय?" कप त्याने रोज वापरावा. दुसरे त्याला काही नाही.

तिसरे कलम. हत्यारे. पान्यांचा संच, पितळी तेलाची झारी आणि बेअरिंग ऐकायची लाकडी काठी पंपघरात जमा करावी. तिथे आता इंजिनिअरबाई पडद्यावर आकडे बघून पंप चालवतात आणि चांगल्या चालवतात, तक्रार नाही. पण काठीचे एक टोक यंत्राला आणि दुसरे कानाला लावले की पंप कधी बिघडणार हे आठ दिवस आधी समजते. त्यांनी एकदा लावून बघावी. मागच्या महिन्यात मी ती काठी वाकून स्वतःच्या पोटाला लावली. जे ऐकू आले ते ऐकायला नको होते. पुन्हा लावलेली नाही.

चौथे कलम. पोस्टात जे आहे त्यातून माझा अंत्यविधी करावा, उरले ते फ्योरेल्लाचे.

पाचवे कलम. सायकल शेजारच्या झेलिंदाबाईंना. चौदा वर्षे त्यांच्या झाडाचे अंजीर माझ्या अंगणात पडतात, मी झाडतो, आणि त्या कुंपणावरून म्हणतात, "लेआर्को, तुमच्या अंगणात माश्या फार हो." तरीही सायकल त्यांनाच, कारण त्यांचे गुडघे माझ्यापेक्षा चांगले आहेत. ब्रेक मागचाच लागतो.

सहावे कलम. हे खरे कलम. बाकीची मी हात बसावा म्हणून लिहिली.

'लोन्ताना' म्हणजे दूरची. एका जहाजाचे नाव आहे. हे जहाज माणसांना घेऊन ताऱ्यांच्या पलीकडे गेले, परत यायची वाट हरवली, आणि सप्टेंबर १९८९ पासून दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, काळ्यापांढऱ्या शंभर पानांत, ते घरी यायचा प्रयत्न करते आहे. पुलापाशी ओनोरीनाबाईंची पेपरची टपरी आहे, तिथे मिळते. ज्यांनी कधी वाचले नाही त्यांना हे पोरकट वाटेल. वाटू द्या. मी पाण्याच्या पातळीखालच्या गावात जन्माला आलो, आयुष्यभर पाणी उपसून बाहेर टाकले, आणि भिंतीपलीकडे सगळे मारायला टपलेले असताना आत लोक स्वयंपाक करतात, भांडतात, वाढदिवस करतात, हे मला कोणी वेगळे समजावून सांगायला लागत नाही.

पहिला अंक आला तेव्हा पंपघरात माझ्या पाळीला एजिस्तो बेल्लान होता. आम्ही दोघांत एकच अंक घ्यायचे ठरवले. विषम अंक माझे, सम त्याचे. बारच्या बिलामागे त्याने करार लिहिला, अजून माझ्याकडे आहे. ज्याचा अंक, त्याने आधी वाचायचा. त्यानंतरच्या रविवारी, चर्च सुटल्यावर, बारमध्ये दुसऱ्याच्या हातात द्यायचा. दुसऱ्याने वाचून पुढच्या मंगळवारच्या आत परत करायचा. रविवारच्या आधी मागायचा नाही, गोष्ट फोडायची नाही. आणि शेवटचे वाक्य, मोठ्या अक्षरात: जो दुसऱ्याचा अंक विकत घेईल त्याने आपले सगळे अंक दुसऱ्याला देऊन टाकायचे. साडेसोळा वर्षे यातला शब्दही मोडला नाही. ओनोरीनाबाई एकच प्रत मागवायच्या आणि मागच्या कोपऱ्यात पेन्सिलने लिहायच्या, एका महिन्याला लेआर्को, एका महिन्याला एजिस्तो.

घरी मी ते माझी बायको नीवेस हिला मोठ्याने वाचून दाखवत असे. ती इस्त्री करायची आणि मधेच म्हणायची, "थांब, चित्रात काय आहे ते सांग." तिचा जीव तेआवर, जहाजावरची मेकॅनिक पोरगी. मार्च २००६ चा १९९ वा अंक मी तिला इस्पितळात वाचून दाखवला. त्याच्या शेवटच्या पानावर तेआ जहाजाच्या बाहेर आहे, दार अडकले आहे, आणि तिच्याकडे चाळीस मिनिटांची हवा आहे. नीवेस म्हणाली, "मग? आली का आत?" मी म्हणालो, दोनशे येऊ दे. दोनशे एजिस्तोचा होता. पुढची हकीकत गावाला पाठ आहे. मी त्याच्याकडे अंक मागायला गेलो, तो म्हणाला रविवारी, आणि नीवेस शनिवारी, आठ एप्रिलला गेली. दुसऱ्या दिवशी, ईस्टरच्या आधीच्या रविवारी, लोक चर्चमधून ऑलिव्हच्या डहाळ्या घेऊन येत होते आणि मी शवपेटीचे लाकूड निवडत होतो.

दफनाला एजिस्तो आला, कोटाच्या आत दोनशेवा अंक घेऊन. पुढे केला. मी सगळ्यांच्या देखत म्हणालो, "उजाडला का तुझा रविवार?"

तेव्हापासून गावात त्याचे नाव रविवार पडले. बारमध्ये, बाजारात, पोरेसोरेसुद्धा. "रविवारकाका, आज कोणता वार?" मी एकदाही कोणाला अडवले नाही.

सतरा वर्षे आम्ही बोललो नाही. पण करार मी मोडला नाही. माझे विषम अंक मी घेत राहिलो, सम अंकाला हात लावला नाही. म्हणजे सतरा वर्षे मी अर्धीच गोष्ट वाचली. दुसऱ्या पानावर 'आतापर्यंत काय घडले' अशा सात ओळी असतात, त्यावर मधला महिना ओलांडायचा. २०१ मध्ये तेआ जिवंत आहे, एक हात लोखंडाचा आहे, आणि त्याबद्दल कोणी काही बोलत नाही. ती आत कशी आली हे मला आजतागायत माहीत नाही. कोणाला विचारलेही नाही. नीवेसला जे कळले नाही ते आपण दुसऱ्याकडून ऐकायचे, हे मला जमणारे नव्हते.

आता प्रकाशकाने जाहीर केले आहे की डिसेंबरमध्ये मालिका संपणार. ४१२ वा अंक शेवटचा. चौतीस वर्षांनी लोन्ताना घरी पोचणार की नाही, ते त्यात आहे. आणि ४१२ सम आहे. मी चौदा तारखेला शस्त्रक्रियेच्या टेबलावरून उठलो नाही तर मला कळणार नाही. उठलो तरी कळणार नाही, कारण तो त्याचा अंक. पहाटे जाग येते ती याच विचाराने, आणि यातले कशाला जास्त घाबरायचे तेही ठरत नाही.

म्हणून: माझे सर्व विषम अंक, एक ते चारशे अकरा, एकूण दोनशे सहा, कपाटासकट, माझ्या मरणानंतर एजिस्तो बेल्लान यास मिळावेत. त्यातले २०१ पासून पुढचे त्याने वाचलेले नाहीत. निदान एकाकडे तरी गोष्ट पुरी असावी.

सातवे कलम. हे कोणाला काही देण्याबद्दल नाही. वकीलबाई म्हणतील की याचा मृत्युपत्राशी संबंध नाही. असो.

गावाला जी हकीकत पाठ आहे ती मी सांगितलेली आहे. खरी अशी. गुरुवारी सहा एप्रिलला सकाळी मोठ्या डॉक्टरांनी मला जिन्याजवळ गाठून सांगितले, "दोन दिवस, फार तर तीन." मी तसाच सायकलवर एजिस्तोकडे गेलो. आमचे बोलणे मला शब्दन् शब्द आठवते.

"दोनशे दे."

"रविवारी."

"एवढ्या वेळी आधी दे की."

"का रे? नीवेस बरी आहे ना?"

"बरी आहे. मंगळवारी घरी आणतोय."

"मग रविवारी. नियम म्हणजे नियम. लेका, पहिल्यांदा रंगीत आलाय, दोनदा वाचू दे ना मला."

तो हसत होता. मीही हसलो. मंगळवारी घरी आणतोय असे मी म्हणालो, कारण ती जाणार आहे हे तोंडातून काढले तर ते तिथल्या तिथे खरे होईल असे मला वाटले. घाबरलो. त्याला माहीत असते तर त्याने अंक तर दिलाच असता, माझ्या आधी सायकल मारत इस्पितळात गेला असता. हे मला त्या क्षणी माहीत होते आणि त्यानंतर सतरा वर्षे रोज माहीत होते. नीवेसला उत्तर मिळाले नाही ते माझ्यामुळे. मी ते त्याच्या गळ्यात बांधले, कारण माझ्या गळ्यात असते तर मी उभा राहू शकलो नसतो.

माझ्या मरणानंतर हे कलम बारमध्ये मोठ्याने वाचावे. मी हजर नसेन, म्हणूनच एवढे लिहायचा धीर झाला.

आठवे कलम. मला नीवेसच्या शेजारी ठेवावे. कबरस्तानाच्या भिंतीत तिसऱ्या रांगेतला, तिच्या लगतचा खण मी तेव्हाच घेऊन ठेवला आहे. जागा नाही म्हणून खालच्या रांगेत ठेवतो असे कोणी म्हणाले तर ऐकू नये. पाण्याचा भरवसा नाही.

एवढे लिहून मी सही करणार होतो. पुढची भर मंगळवार, ७ नोव्हेंबरची.

आज ४११ आला. घ्यायला गेलो तेव्हा हा कागदही बरोबर नेला, कारण ओनोरीनाबाईंना साक्षीदार करायचे होते. त्यांना मी मुद्दाम काही ठेवलेले नाही. वय ऐंशी, चष्म्याशिवाय वाचतात. म्हणाल्या, "न वाचता मी कशावर सही करत नाही. वीज कंपनीच्या कागदावरसुद्धा नाही." आणि काउंटरवर कोपरे टेकून वाचायला लागल्या. मी बाहेरच्या मासिकांकडे बघत उभा राहिलो. सातवे कलम त्यांनी दोनदा वाचले.

"म्हणजे तू त्याला खोटं सांगितलंस," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि दफनाला, सगळ्यांसमोर, तसं बोललास."

"हो."

त्यांनी कागद काउंटरवर उलटा ठेवला. वाकून काउंटरच्या खालून पानेत्तोनेचा, म्हणजे नाताळच्या केकचा, एक मोठा खोका ओढायला लागल्या. मी मदतीला गेलो तर ओरडल्या, "तू वजन उचलू नकोस." खोक्यावर पेन्सिलने लेआर्को असे लिहिले होते. आत लोन्ताना. दोनशेपासून चारशे दहापर्यंत, सगळे सम, प्रत्येक प्लॅस्टिकच्या पिशवीत. एकशे सहा अंक.

"दर दुसऱ्या महिन्याला," त्या म्हणाल्या, "वाचून झाला की रविवारी सकाळी आणून ठेवतो. म्हणतो, 'त्याने विचारलं तर दे. नाही विचारलं तर राहू दे.' माझ्याकडून शब्द घेतलाय. सतरा वर्षं मी बघतेय, हा लेआर्को एकदा तरी तोंड उघडेल. तू येतोस, पैसे ठेवतोस, 'धुकं फार आहे आज' म्हणतोस आणि जातोस. धुकं मला दिसत नाही होय?"

"पण आज मी विचारलं कुठे?"

"ऐंशी वर्षांची झाले. तुम्ही दोघं विचाराल तोवर मीच वर जाईन. आणि मंगळवारी तुला कापणार आहेत. आता कसला शब्द?"

त्याने मला सतरा वर्षे त्याचे अंक दिले. मी त्याला माझा एक दिला नाही. तो अर्ध्या गोष्टीवर राहिला आणि मी गावाला त्याला रविवार म्हणू देत राहिलो. इथले अक्षर कोणाला लागले नाही तर ओनोरीनाबाईंना विचारावे.

दोनशेवा अंक मी टपरीच्या मागच्या बाकावर बसून वाचला. त्यात काय आहे ते इथे लिहीत नाही. फ्योरेल्ला कधी वाचायला लागली तर तिचा आनंद कशाला घालवा. तेआ आत येते, एवढेच. कशी येते ते परत येताना मी कबरस्तानात जाऊन सांगितले, चित्रांसकट. नीवेसच्या फोटोपुढे उभा राहून मी मोठ्याने वाचत होतो आणि शेजारच्या खणाला फुले घालणारी एक बाई हातात फुले तशीच धरून थांबून राहिली.

आता कलमांतला फरक. सातवे कलम माझ्या मरणानंतर वाचावे, असे जे लिहिले ते खोडतो. मेल्यावर कबूल करणे म्हणजे पुन्हा पळणेच. रविवारी मी स्वतः जाईन. शस्त्रक्रियेत निदान गुंगी देतात. तिकडे शुद्धीत जायचे आहे.

पुढची भर रविवार, १२ नोव्हेंबरची.

चर्च सुटल्यावर गेलो. बारमध्ये नाही, त्याच्या घरी. ४११ आणि २०१, दोनच अंक घेतले, कारण वजनाची मनाई आहे. घंटा वाजवली आणि वाटले, घरात कोणी नसले तर बरे. एजिस्तोने दार उघडले. हातात पोलेंता, म्हणजे मक्याच्या पिठाची पेज, ढवळायचा लाकडी डाव, केस पांढरे झालेले. माझ्या तोंडाकडे न बघता आधी हातातल्या अंकांकडे बघितले.

"आज रविवार आहे," मी म्हणालो. दुसरे काही सुचले नाही.

"माहीत आहे. गावाने मला कधी विसरू दिलंय?"

मी उंबऱ्यातच सांगून टाकले. गुरुवारी सकाळी डॉक्टर काय म्हणाले ते, मी त्याला काय सांगितले ते, आणि त्यानंतर सतरा वर्षे मी काय सांगितले नाही ते. तो डाव हातात धरून ऐकत होता आणि डावावरची पोलेंता जमिनीवर टपटप पडत होती.

"का पण?" तो म्हणाला.

"भीती वाटली."

"मला सांगायला भीती वाटली? मला?"

"तोंडातून काढायलाच भीती वाटली."

त्याने जमिनीवर पडलेली पोलेंता पायाने बाजूला सारली. मग म्हणाला, "माझ्या पुतणीच्या लग्नात, लेआर्को. व्याह्यांनी ओळख करून दिली, हे आमचे रविवारकाका म्हणून. त्यांना वाटलं तेच माझं नाव. दर वेळी मला वाटायचं, खरंच की, मी दिला असता तर काय बिघडलं असतं? बाई मरतेय आणि मी रंगीत चित्रं बघत बसलो. सतरा वर्षं मला हे वाटत आलंय."

मी चुकलो असे म्हणालो. ते फार छोटे वाटले, तरी म्हणालो.

"माफ केलं असं मी म्हणणार नाही," तो म्हणाला. "एकशे सहा अंक वाचायचे राहिलेत माझे. ते वाचून झाले की बघू. आत ये, करपतंय."

जेवताना मी त्याला हा कागद वाचायला दिला. सातव्या कलमाशी तो थांबला नाही, ते ऐकून झाले होते. सहाव्याशी थांबला. मी म्हणालो, ओनोरीनाबाई एक साक्षीदार, दुसरा तू हवास. तो म्हणाला, "कसा होऊ? वर तूच लिहिलंयस, ज्याला मिळतं त्याने सही करायची नाही. एकतर वारस कर, नाहीतर साक्षीदार. दोन्ही नाही जमायचं."

मी पेन मागितले.

सबब सहावे कलम मी याद्वारे रद्द करतो. विषम अंक माझ्या मरणानंतर कोणालाही मिळणार नाहीत, कारण ते आज मी जिवंत असताना, स्वतःच्या राजीखुशीने एजिस्तोला दिले आहेत. दुपारी त्याने हातगाडी आणली, कपाट रिकामे केले आणि मी खुर्चीवर बसून क्रमांक मोजत होतो. वाटेत टपरीतल्या खोक्यातले अंकही गाडीत घेतले, आणि त्याच्या घरी त्याने सम आणि विषम एकात एक लावले. १२१ वर डाग बघून म्हणाला, "हे कोणी केलं?" मी म्हणालो, त्याची व्यवस्था दुसऱ्या कलमात केली आहे.

निघताना मी विषय काढला. "चारशे बारा तुझा."

"माझाच."

"पाच डिसेंबरला येतोय. मी कुठे असेन काय माहीत. शेवट काय आहे तेवढं एखाद्याबरोबर कळवलंस तर. मंगळवारीच."

"नाही."

"एजिस्तो, मला फार भीती वाटतेय रे."

"दिसतंय ते. मलाही वाटतेय." त्याने माझ्या कोटाचे वरचे बटण लावले, जे मी स्वतः लावू शकलो असतो. "मंगळवारी मी वाचणार. मग दहा तारखेला पादोवाची बस धरून तुझ्या हातात देणार. तुझ्याच हातात, आधी नाही, आणि दुसऱ्या कोणाजवळ नाही. रविवारी. नियम म्हणजे नियम."

उद्या सकाळी नऊच्या गाडीने मी इस्पितळात जाणार. भीती कमी झालेली नाही, तसे लिहिले तर हा कागद खोटा ठरेल. पण आता तारीख म्हटली की मला चौदा नोव्हेंबर एकटी आठवत नाही, पुढची दहा डिसेंबरही आठवते.

वर लिहिलेले सर्व मी स्वतः वाचून पाहिले, खोडले ते मीच खोडले, आणि यातला शब्दन् शब्द माझा आहे.

मुक्काम आद्रिया, रविवार १२ नोव्हेंबर २०२३.

सही: लेआर्को फिनोत्ती

साक्षीदार पहिली: ओनोरीना क्रेपाल्दी, पेपरविक्री, पुलाजवळ. सगळे वाचून सही केली आहे. टपरीतला खोका रिकामा झाला.

साक्षीदार दुसरा: एजिस्तो बेल्लान, निवृत्त पंपचालक. वरीलपैकी मला काहीही मिळणार नाही. ४१२ लेआर्को फिनोत्ती यास १० डिसेंबरला मिळेल, तो घ्यायला त्याने हजर राहावे.